वाचकांचे प्रश्न : परीक्षेचं वेळापत्रक शिक्षकांच्या हातात पडतं का?

(मराठवाड्यातल्या शिक्षक-मुख्याध्यापकांकडून गेल्या दोन महिन्यांत आलेल्या प्रश्नांपैकी मूल्यमापनाबद्दलचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. प्रश्न थोडक्यात दिले आहेत.)

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषद केंद्रीय शाळेत १४ शिक्षक आहेत. संकलित १ च्या (पहिल्या सत्राच्या शेवटी होणाऱ्या परीक्षेच्या) वेळी सुधारित वेळापत्रक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं होतं. तरी दोन शिक्षक जुन्याच वेळापत्रकाप्रमाणे तयारी करून आले. सहावीला विज्ञानाऐवजी मराठीचा पेपर वाटला गेला. सगळ्यांनी अंगठा दाखवला होता. मग चूक कुठे झाली? – मुख्याध्यापिका, बीड जिल्हा

बाई, अंगठ्याचा अर्थ 'मेसेज आला' एवढाच असतो. पीडीएफ उघडली की नाही, आणि उघडली तर कोणती, हे त्यातून कळत नाही. बहुतेक शाळांच्या ग्रुपवर एकाच आठवड्यात 'वेळापत्रक', 'वेळापत्रक नवीन' आणि 'वेळापत्रक फायनल' अशा तीन फायली पडतात. त्यांच्या मध्ये शालेय पोषण आहाराची माहिती, यू-डायसची (शाळेची माहिती ऑनलाइन भरण्याची) आठवण आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा येतात. चार दिवसांनी शिक्षक ग्रुप वर सरकवत जातो आणि जी फाईल आधी दिसेल ती उघडतो. तुमच्याकडे हेच झालं असणार.

यावर उपाय म्हणजे वेळापत्रकाची अस्सल प्रत एकच ठेवायची, तीही भिंतीवर. हजेरीपट जिथे असतो त्याच्या शेजारी ड्रॉइंग शीट लावा. रोज सही करायला प्रत्येकजण तिथे जातोच. अक्षर पाच-सहा फुटांवरून वाचता आलं पाहिजे. रकाने पाचच ठेवा : तारीख, इयत्ता व विषय, काय द्यायचं, कोणी द्यायचं, कोणाकडे द्यायचं. 'शेरा' नावाचा सहावा रकाना काढू नका, तो रिकामाच राहतो. 'कोणी' या रकान्यात 'संबंधित शिक्षक' असं लिहायचं नाही, नाव लिहायचं. त्याखाली कंसात पर्यायी शिक्षकाचं नाव लिहा, कारण बीएलओचं (मतदार याद्यांचं) काम, प्रशिक्षण किंवा रजा नेमकी परीक्षेच्या आठवड्यातच येते.

तारीख बदलली तर शीट फाडून नवी लावू नका, खाडाखोडही करू नका. जुन्या तारखेवर लाल शाईने एक रेघ मारा, शेजारी नवी तारीख लिहा आणि खाली सही व दिनांक टाका. बदल काय झाला हे अशाने येता-जाता दिसतं. नवी शीट लावली तर ती जुन्यासारखीच दिसते आणि कोणी पुन्हा वाचत नाही. त्याच दिवशी सूचनावहीत दोन ओळी लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. रजेवर असलेल्यांची जागा मोकळी ठेवा. ते आले की पहिली सही तिथे झाली पाहिजे.

ग्रुप वापरायचाच असेल तर संदेशाची पहिली ओळ अशी असावी : 'संकलित १, वेळापत्रक, सुधारणा २. आधीचं रद्द.' आधीची फाईल 'सर्वांसाठी डिलीट' करा. त्याची मुदत टळली असेल तर निदान फाईलच्या नावात सुधारणेचा क्रमांक टाका. उत्तरात अंगठा घेऊ नका. प्रत्येकाने आपली इयत्ता, विषय आणि तारीख टाईप करून पाठवायची : 'सहावी, विज्ञान, गुरुवार.' चौदा जणांना मिळून पाच मिनिटं लागतात आणि कोण जुन्या वेळापत्रकावर आहे ते तिथेच उघड होतं.

आता शीटवर तारखा कशा बसवायच्या ते. परीक्षेच्या पहिल्या दिवसापासून उलटं मोजत या. २५ दिवस आधी प्रत्येक विषयात कुठपर्यंतचे घटक परीक्षेला आहेत ते ठरवून लिहून द्यायचं. १८ दिवस आधी संविधान तक्ता (कोणत्या घटकावर किती गुणांचे प्रश्न, हे दाखवणारा) आणि कच्ची प्रश्नपत्रिका. १२ दिवस आधी ती दुसऱ्या शिक्षकाने घड्याळ लावून स्वतः सोडवायची. दीड तासाचा पेपर शिक्षकाला अर्ध्या तासात सुटला नाही तर मुलांना तो लांब पडणार, हा अंदाज सहसा खरा ठरतो. ८ दिवस आधी टाईप केलेली प्रत तपासायची. ४ दिवस आधी झेरॉक्स, २ दिवस आधी पर्यवेक्षणाचा तक्ता.

टाईप केलेली प्रत तपासताना एका गोष्टीकडे खास लक्ष द्या. जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की जोडाक्षरं, रफार आणि गणितातले अपूर्णांक फुटतात. झेरॉक्सवाल्याकडे वर्डची फाईल पाठवली तर सहावीच्या पेपरात 'पूर्णांक'चा भलताच शब्द होऊन येतो. म्हणून पीडीएफच द्या आणि पहिली छापील प्रत हातात घेऊन वाचल्याशिवाय पुढच्या प्रती काढू देऊ नका. गावात दुपारी लाईट जाते, म्हणून झेरॉक्सला चार दिवस धरले आहेत. पाकीट वर्गवार करा, पटावर दोन प्रती जास्त घाला, म्हणजे ३८ पटाला ४०. पाकिटावर इयत्ता, विषय, तारीख आणि प्रतींची संख्या मोठ्या अक्षरात लिहा. पाकीट फोडण्याआधी पर्यवेक्षकाने वर्गासमोर 'आज सहावी, विज्ञान' असं मोठ्याने वाचायचं. तुमच्याकडे झालेली अदलाबदल एवढ्यानेही टळली असती.

उलटं मोजताना सुट्ट्या वजा करायला विसरू नका. आपल्याकडे ही चूक हमखास होते. पोळा, गणपती, महालक्ष्म्या, १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिन, मग घटस्थापना. कॅलेंडरवर २५ दिवस दिसतात, पण प्रत्यक्ष कामाचे १७-१८ च उरतात. धाराशिव जिल्ह्यात तुळजापूरच्या आसपास नवरात्रात हजेरी आणखी घसरते. दिवस कामाचेच मोजा.

प्रश्न : आकारिक (सत्रभर वर्गात चालणारं) आणि संकलित (सत्राच्या शेवटी परीक्षेने होणारं) मूल्यमापन यांचा भारांश, म्हणजे शंभरातला वाटा, दर वर्षी कोणीतरी चुकवतं. एका शिक्षकाने पाचवीला ४०-६० धरून नोंदी केल्या. सगळ्यांना एकदाच नीट कळावं असं काय करता येईल? – सहशिक्षक, हिंगोली जिल्हा

आधी आकडे सांगतो. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाप्रमाणे पहिली-दुसरीला आकारिक ७० आणि संकलित ३०, तिसरी-चौथीला ६० आणि ४०, पाचवी-सहावीला ५० आणि ५०, सातवी-आठवीला ४० आणि ६०. वर्ग वाढतो तसा आकारिकचा वाटा दर टप्प्यावर दहाने उतरतो, एवढं ध्यानात ठेवलं की पाठ करावं लागत नाही. कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण यांचं मूल्यमापन पूर्णपणे आकारिक असतं.

तुमच्या सहकाऱ्यांची चूक बहुधा मागच्या वर्षीच्या वहीतून आली असावी. शिक्षक वर्गासोबत पुढे जातो किंवा सातवी सोडून पाचवी घेतो. नोंदवहीचे रकाने मात्र मागच्या वर्षीचेच आखले जातात. म्हणून जूनमध्ये, वह्या आखण्याआधी, मुख्याध्यापकांनी प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर त्या इयत्तेचा भारांश स्वतःच्या हाताने लिहून सही करावी. एका वहीला अर्धं मिनिट लागतं.

बैठकीत आकडे वाचून दाखवण्यापेक्षा फळ्यावर एक उदाहरण सोडवा. सहावीतल्या मुलीला आकारिकमध्ये ५० पैकी ३८ आणि संकलितमध्ये ५० पैकी २९ गुण आहेत. बेरीज ६७, श्रेणी ब-२. मग तीच गुणांची जोडी सातवीसाठी करायला सांगा. ३८ चं ४० पैकी किती होतं? ३०.४. २९ चं ६० पैकी? ३४.८. बेरीज ६५.२. श्रेणी तीच राहिली, पण गुण बदलले, हे पाहिल्यावर भारांश चुकला तर काय होतं ते सगळ्यांना कळतं. श्रेणीचा तक्ताही शेजारी लावा : ९१ पासून अ-१, ८१ पासून अ-२, ७१ पासून ब-१, ६१ पासून ब-२, ५१ पासून क-१, ४१ पासून क-२, ३३ ते ४० ड, २१ ते ३२ ई-१, २० आणि त्याखाली ई-२. 'ड' च्या खाली असलेल्या मुलाला जादा मार्गदर्शन देऊन किमान 'ड' पर्यंत आणायचं आहे. ही नावं सत्र संपेपर्यंत वहीत पडून राहू नयेत. पहिल्या चाचणीनंतर लगेच वेगळ्या कागदावर उतरवा.

आकारिकची साधनं आठ आहेत : दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि इतर. यातली सगळी एका आठवड्यात उरकलेली वही पाहिली की लगेच ओळखू येते. सगळ्या पानांवर एकच शाई, एकच हात आणि बहुतेक मुलांना ७ किंवा ८. अशा नोंदीचा मुलाला काही उपयोग नाही. वेळापत्रकात 'आकारिक' असं एकच मोठं खोकं न ठेवता महिन्याला दोन साधनं ठरवून द्या. जुलैत निरीक्षण आणि तोंडी काम, ऑगस्टमध्ये स्वाध्याय आणि उपक्रम. मग शिक्षकालाही ते ओझं वाटत नाही.

एक खुलासा. पाचवी आणि आठवीला दुसऱ्या सत्रात संकलित २ ऐवजी वार्षिक परीक्षा असते. पाचवीला विषयाला ५० गुण, आठवीला ६०. उत्तीर्ण व्हायला ३५ टक्के, म्हणजे पाचवीला १८ आणि आठवीला २१. कमी पडलेल्या मुलाला मार्गदर्शन देऊन दोन महिन्यांत पुनर्परीक्षा घ्यायची असते, आणि त्यातही तो अनुत्तीर्ण झाला तर त्याच वर्गात राहतो. इतर इयत्तांच्या शिक्षकांनाही हे माहीत असलं पाहिजे, कारण पालक रस्त्यात भेटलेल्या कुठल्याही गुरुजींना विचारतात.

प्रश्न : दोनशिक्षकी शाळा, पट ३४. त्यातली ११ मुलं दिवाळीनंतर आईबापांसोबत ऊसतोडीला जातात. वेळापत्रक आम्हाला कळतं, पण ते या मुलांना लागूच पडत नाही. – शिक्षक, बीड जिल्हा

हा प्रश्न बीडचा असला तरी जालना, परभणी, धाराशिवच्या कितीतरी वस्त्यांवर असाच आहे. राज्याचं वेळापत्रक मूल वर्षभर एकाच गावात राहतं असं धरून बनतं. ऊसतोडीची टोळी मात्र दिवाळीच्या आसपास निघते आणि कारखान्याचा हंगाम मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. म्हणून या मुलांचं वेगळं वेळापत्रक शाळेनेच करायचं आणि ते दोघाही शिक्षकांकडे लेखी असलं पाहिजे. एकाच्या डोक्यात राहिलं आणि त्याची बदली झाली तर सगळं गेलं.

सप्टेंबरमध्ये पालकांना विचारून यादी करा : कोण जाणार, कोणता मुकादम (टोळीप्रमुख), कुठला कारखाना, अंदाजे कधी निघणार, आणि गावात मागे कोण राहणार. मुलाचे आजी-आजोबा किंवा काका-काकू राहणार असतील तर हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव त्याच महिन्यात वर गेला पाहिजे, नोव्हेंबरमध्ये उशीर होतो. जाणाऱ्या मुलांची पहिल्या सत्राची आकारिक साधनं इतरांच्या आधी पूर्ण करा. संकलित १ सगळ्यांसोबत होईलच, पण टोळी आधी निघाली तर तोंडी आणि प्रात्यक्षिकाचा भाग तरी घेतलेला असला पाहिजे.

निघण्याच्या आदल्या दिवशी शिक्षण हमी कार्ड (स्थलांतर करणाऱ्या मुलाने नव्या गावातल्या शाळेत दाखवायचं कार्ड) भरून पालकांच्या हातात द्या. त्यात नुसती इयत्ता लिहू नका. 'वाचन : जोडाक्षरांचे शब्द अडखळतो. गणित : हातच्याची बेरीज येते, वजाबाकी नाही.' अशा दोन ओळी लिहा. ऊसपट्ट्यातल्या शाळेतल्या बाईंना या दोन ओळींवरून दुसऱ्याच दिवशी मुलाला कुठे बसवायचं ते कळतं. त्या शाळेचा नंबर मिळाला तर जानेवारीत एक फोन करा आणि तिथे झालेल्या नोंदी मागवून तुमच्या वहीत डकवा. मूल परत आल्यावर 'गैरहजर' असा शिक्का मारून पाच महिन्यांची जागा कोरी ठेवू नका. तिथल्या नोंदी याच मुलाच्या आहेत.

परत आलेल्या मुलाची लगेच परीक्षा घेऊ नका. पहिले आठ दिवस निरीक्षण आणि तोंडी काम करा, मग पुढचं. पाचवी-आठवीच्या मुलांबाबत जास्त जागरूक राहा. मूल वार्षिक परीक्षेला पोहोचलं नाही तर पुनर्परीक्षेची तारीख पालकांना मुकादमामार्फत नाही, थेट फोनवर सांगा आणि तो नंबर यादीत लिहून ठेवा. जूनमध्ये मूल गावात असतं, तारीख कळली नाही म्हणून त्याचं वर्ष जाऊ नये.

प्रश्न : एप्रिलमध्ये परीक्षा लांबल्या की निकालाला वेळच उरत नाही. शिक्षकांची ओरड असते. – मुख्याध्यापक, नांदेड जिल्हा

ओरड रास्त आहे. २०२५ मध्ये पहिली ते नववीच्या परीक्षा राज्यभर ८ ते २५ एप्रिल या काळात झाल्या आणि निकाल १ मे रोजी द्यायचा होता. मध्ये पाच दिवस, त्यात एक रविवार. पाचवीचा पट ३८ आणि लेखी विषय पाच धरले तर १९० उत्तरपत्रिका होतात. एकीला सहा मिनिटं धरली तरी १९ तास. २५ तारखेनंतर तपासायला बसलात तर हे होणार नाही.

म्हणून वेळापत्रकासोबतच तपासणीचं वेळापत्रक द्या. ज्या दिवशी पेपर त्याच दिवशी, सकाळची शाळा सुटल्यावर दीड तास सगळ्यांनी शाळेतच बसून तपासायचं. घरी नेलेले गठ्ठे उशिरा परत येतात. गुण उत्तरपत्रिकेवरून थेट गुणतक्त्यात उतरवा, कच्च्या कागदावर नाही. दोनदा उतरवताना ३६ चे ६३ होतात. एकजण वाचेल, दुसरा लिहील, मग अदलाबदल करून पुन्हा पडताळणी. उन्हामुळे पेपर सकाळी लवकर ठेवा आणि वर्गाबाहेर पाण्याचा माठ भरलेला आहे ना हे पर्यवेक्षणाच्या तक्त्यातच कोणाच्या तरी नावावर लिहा.

वार्षिक परीक्षेसारखीच घाई नियतकालिक मूल्यांकन चाचणीचीही होते. भाषा, गणित आणि इंग्रजीच्या या प्रश्नपत्रिका राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडून येतात, गुण मात्र शाळेलाच ऑनलाइन भरायचे असतात. शेवटच्या दिवशी सगळा जिल्हा एकदम भरायला बसतो आणि गुण भरायचा चॅटबॉट अडकतो. रोज एक वर्ग भरा. भरल्यावर दिसणाऱ्या संख्येचा स्क्रीनशॉट पटाशी ताडून पाहा.

प्रश्न : दहावीचं वेळापत्रक लातूर आणि छत्रपती संभाजीनगर विभागात वेगळं असतं का? ग्रुपवर वेगवेगळी फिरतात. – सहशिक्षिका, लातूर

नाही. मराठवाड्यात दोन विभागीय मंडळं आहेत. लातूर, नांदेड, धाराशिव एकाकडे आणि छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी, हिंगोली दुसऱ्याकडे. पण लेखी परीक्षेचं वेळापत्रक राज्य मंडळाचं, सगळ्या राज्याला एकच असतं. शाळेला छापील स्वरूपात येतं तेच अंतिम, हे मंडळ स्वतःही दर वर्षी सांगतं. छापील प्रत आली की तिच्याशी मंडळाच्या संकेतस्थळावरची प्रत विषयवार ताडून मगच दहावीच्या वर्गात लावा. सकाळचं की दुपारचं सत्र, हे नजरेतून सुटतं. त्याखाली वेगळ्या रंगाने रेघ मारा.

तोंडी, प्रात्यक्षिक आणि अंतर्गत मूल्यमापनाच्या तारखा मात्र शाळेत ठरतात आणि गडबड तिथेच होते. ८० लेखी आणि २० अंतर्गत अशी विभागणी सगळ्यांना पाठ असते, पण ते २० गुण कशाचे, त्याचा पुरावा कुठे ठेवायचा, हे विज्ञानाच्या आणि गणिताच्या शिक्षकाने वेगवेगळं धरलेलं असतं. ऑक्टोबरमध्ये विषयशिक्षकांची अर्ध्या तासाची बैठक घेऊन एका पानावर लिहून घ्या. दिव्यांग विद्यार्थ्यांची लेखनिकाची आणि जादा वेळेची सवलत त्याच पानावर, विद्यार्थ्याच्या नावासह. तासाला २० मिनिटं जादा वेळ मिळते हे त्या दालनातल्या पर्यवेक्षकाला आधी माहीत नसेल, तर घंटा झाली की तो उत्तरपत्रिका ओढून घेतो.

प्रश्न : जानेवारीत नव्याने रुजू झालेल्या शिक्षणसेवकाला (मानधनावर नेमलेल्या नव्या शिक्षकाला) काय-काय सांगावं? – केंद्रप्रमुख, परभणी जिल्हा

पहिल्या दिवशी भिंतीवरची शीट दाखवा आणि ज्यांचा वर्ग त्याला दिला त्यांना नोंदवही मुलांसमोर नाही, त्याच्या शेजारी बसून ताब्यात द्यायला सांगा. कोणतं साधन कुठपर्यंत झालंय, कोणत्या मुलांच्या नोंदी अपुऱ्या आहेत, कोण ऊसतोडीला गेलंय, हे आधीच्या शिक्षकाने शेवटच्या पानावर लिहून दोघांनी सह्या करायच्या. पहिल्या आठवड्यात त्याच्याकडून एक संविधान तक्ता आणि एका घटकाची दहा गुणांची चाचणी तयार करून घ्या. तुमच्या पुढच्या शिक्षण परिषदेत (केंद्रातल्या शाळांच्या बैठकीत) ती चाचणी केंद्रातल्या बाकी शिक्षकांसमोर सोडवायला ठेवा. त्याला कुठे मदत लागेल ते त्या वीस मिनिटांत दिसेल.